दोन रुपयांचं जेवण

सात रस्त्याजवळच्या त्या कचेरीचा जिना चढून बाई वर आल्या, तेव्हा शिवकुमार पंख्याखाली डुलक्या घेत होता. विरुपाक्ष हिरेमठ यांचा हा मदतनीस माणूस भला; पण चुकीचा निष्कर्ष काढण्यात त्याचा हात धरणारा सोलापुरात कुणी नसेल. हिरेमठ आधी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचे. आता खाजगी तपास करतात आणि शिवकुमारला सांभाळून घेतात.

बाईंना सातवा महिना होता. धाप लागलेली, आणि रडून रडून आवाज बसलेला. हिरेमठांनी आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं.

त्या वैजयंती. नवरा शिवराज ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कंपनीत विक्रीचं काम बघतो. मंगळवारी तो कुर्डुवाडीला जातो म्हणून गेला. त्याच दुपारी वैजयंतींच्या मोबाईलवर लागोपाठ दोन मेसेज आले. शिवराजचा जुना नंबर त्यांच्याकडे असल्यामुळं बँकेचे मेसेज तिथंच येतात. दोन्हींत मजकूर जवळजवळ एकच होता: क्रेडिट कार्डावरून दोन रुपये कापले, ठिकाण मुंबई विमानतळ, लाऊंज.

"लाऊंज म्हणजे?" शिवकुमारनं विचारलं.

विमानाची वाट बघत बसायची ऐसपैस जागा, हिरेमठ म्हणाले. ठरावीक कार्ड असलं की आत खाणंपिणं फुकट. कार्ड चालतं की नाही हे बघायला तेवढे दोन रुपये कापतात.

"दोन मेसेज म्हणजे दोन माणसं की," शिवकुमार म्हणाला, आणि बाईंच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं जीभ चावली.

वैजयंतींचं तेच म्हणणं होतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला की मी कुर्डुवाडीत होतो, यापुढं विचारू नकोस. त्याचं हे गप्प बसणंच त्यांना खात होतं.

"शुक्रवारी माझं डोहाळजेवण आहे," त्या म्हणाल्या. "या घरात ओटी भरून घेऊ की त्याआधी करमाळ्याला माहेरी निघून जाऊ, एवढंच मला कळू द्या."

हिरेमठांनी दोन्ही मेसेज नीट वाचले. कार्डाचा शेवटचा आकडा पहिल्यात आठ होता, दुसऱ्यात तीन. मग त्यांनी घरातल्यांची चौकशी केली.

सासरे कोंडीबा आणि सासू बजाबाई मूळचे जेऊरचे, आता मुलाजवळ राहतात. सोमवारी शेताकडं जातो म्हणून दोघं जेऊरला गेले आणि मंगळवारी रात्री परतले. धाकटा दीर पृथ्वीराज पुण्यात नोकरीला. डोहाळजेवणासाठी आजच आला होता. सासूबद्दल बोलताना वैजयंतींचा आवाज जरा सैल झाला. गेल्या वर्षी वैजयंतींची आई डोक्यातल्या गाठीनं गेली. तेव्हापासून बजाबाई त्यांना पोटच्या पोरीसारखं जपतात. मंगळवारी एवढ्या दमून आल्या, तरी पिशवीतून जॅमची एक इवलीशी काचेची बाटली काढून त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली. आंबटगोड खावंसं वाटतंय असं सून म्हणाली होती, ते त्यांच्या ध्यानात होतं. जॅम एका पोळीपुरताच होता, पण बाटली इतकी गोजिरी की वैजयंतींनी ती धुऊन ठेवली.

शिवकुमारला हे सगळं फालतू वाटलं. त्याच्या मते प्रकरण सरळ होतं.

गुरुवारी सकाळी दोघं विम्याची माणसं म्हणून जुळे सोलापुरातल्या त्या घरी गेले. शिवराजचे डोळे जागरणानं तांबारले होते. हप्ता कार्डानं भरणार का, असं हिरेमठांनी विचारलं, तेव्हा त्यानं निमूटपणे पाकिटातून कार्ड काढून दिलं. त्यावर शेवटी पाच होता. कामानिमित्त फिरणं किती असतं हेही हिरेमठांनी विचारून घेतलं. मंगळवारी कुर्डुवाडीत कोणत्या दुकानात होतो ते त्यानं न अडखळता सांगितलं. शिवकुमारनं अंगणात जाऊन त्या दुकानदाराला फोन लावला. शिवराज दिवसभर तिथंच होता आणि दुपारी दुकानदाराच्याच डब्यातलं जेवला होता. शिवकुमारचा चेहरा पडला.

मग त्याचा संशय पृथ्वीराजवर गेला. पोरगा चटपटीत, अंगावर भारी शर्ट, विमानाशिवाय गोष्ट नाही. भावाचं कार्ड घेऊन कधी लाऊंजमध्ये जातोस का, असं हिरेमठांनी हसत विचारलं.

"कसा जाणार? दारातच कार्डावरचं नाव तिकिटाशी ताडून बघतात," पृथ्वीराज म्हणाला. "दादाच्या कार्डावर मला कोण आत घेतंय?"

तेवढ्यात बजाबाई पोहे घेऊन आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. चालताना त्या पाय जपून टाकत होत्या, आणि बसल्या तेव्हा त्यांनी पावलं साडीखाली ओढून घेतली. पण त्याआधीच हिरेमठांना त्यांच्या पायाच्या बोटांवर फिकट वळ दिसले होते. जोडवी मात्र नव्हती.

खाता खाता शिवकुमारनं शहरातल्या थाळीच्या भावाबद्दल कुरकूर केली. कोंडीबांनी लगेच मान हलवली.

"हितली हाटेलवाली लई लुटत्यात," ते म्हणाले. "मोठ्या ठिकानी बगा, दोन रुपयात पोटभर जेवान. पायजे तेवडं घ्या, कोन न्हाय म्हनत न्हाय."

बजाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की म्हाताऱ्यानं पुढचा घास नुसताच चघळला. आबा अजून जुन्याच काळात राहतात, असं म्हणून पृथ्वीराज हसला. शिवकुमारही हसला. हिरेमठ हसले नाहीत.

बशी ठेवायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि बजाबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. बजाबाईंनी पदर तोंडाला लावला. परत येऊन हिरेमठांनी चहा मागितला. तो संपल्यावर पुन्हा मागितला. शिवकुमार ओशाळून गेला. लोकांच्या घरी असं ठाण मांडून बसणं त्याला बरं दिसेना. वैजयंती दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांची बॅग भरलेली आहे हे त्यांनी हळूच हिरेमठांना सांगितलं होतं; घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

कोंडीबांचा मोबाईल वाजला. ते लगबगीनं अंगणात गेले. परत आले ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत, आणि तोंडभर हसत. त्यांनी बायकोकडं बघून नुसती मान हलवली. बजाबाई मटकन खाली बसल्या.

"आता बोलायला हरकत नाही ना?" हिरेमठांनी विचारलं.

बजाबाई म्हणाल्या, "बोला की. आता कशाचं भ्या न्हाय."

आपण विम्यासाठी आलो नव्हतो, सूनबाईंनीच आपल्याला नेमलं, हे हिरेमठांनी आधी सांगून टाकलं. शिवराजनं मान खाली घातली.

"वैजयंतीताई, तुम्ही दोन मेसेज पाहिलेत आणि दोन माणसं धरलीत. ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "पण त्या दोन कार्डांचे शेवटचे आकडे वेगळे होते, आणि शिवराजरावांच्या कार्डाचा तिसराच आहे. म्हणजे त्यांचं कार्ड तिथं गेलंच नाही. एकाच खात्यावर घरच्यांच्या नावानं जादा कार्डं काढता येतात, आणि त्यांचे मेसेज मूळ नंबरवर येतात. तो नंबर तुमच्याकडं आहे हे शिवराजराव विसरले. दारात नाव ताडून बघतात हे पृथ्वीराजनं सांगितलं. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की ती दोन नावं कुणाची?"

"दोन रुपयात जेवान," शिवकुमार पुटपुटला.

"हो. काउंटरवर दोन रुपये कापणार म्हणून सांगितलं असेल. आबांना वाटलं, तो जेवणाचाच भाव. आणि जॅमची ती बोटभर बाटली जेऊरच्या शेतात उगवत नाही, ती तसल्याच ठिकाणी ठेवतात. आपल्या सोलापूरच्या विमानतळावर लाऊंज नाही. म्हणून परत येताना मुंबईला."

"पण गेले कशाला?" वैजयंतींनी विचारलं.

हिरेमठ म्हणाले, "बजाबाईंच्या पायात जोडवी नाहीत. नवरा समोर बसलेला असताना कुठली बाई जोडवी काढेल? शरीर आतून तपासायच्या मोठ्या मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. रुतलेली होती, कापून काढावी लागली, हे मघाशी त्यांनीच सांगितलं आणि रिपोर्टचा फोन येईपर्यंत थांबा म्हणाल्या. नवी घ्यायला सराफाकडं गेल्या असत्या, तर तुम्ही विचारलं असतं."

बाकीचं बजाबाईंनी सांगितलं. डोकं सारखं ठणकायचं. इथल्या डॉक्टरांना गाठीचा संशय आला. मुंबईला बजाबाईंचा भाऊ होता, तो दवाखान्यात घेऊन जाणार होता. रेल्वेचे धक्के सोसवेनात म्हणून शिवराजनं विमानाची तिकिटं काढली. गर्भार बाईच्या कानावर वाईट घालू नये, त्यातून तिची आई त्याच दुखण्यानं गेलेली. म्हणून बजाबाईंनी मुलाला स्वतःची शपथ घातली. बायको संशय घेते हे कळत असूनही तो शपथेला जागला. आता फोन होता तो त्या भावाचा. गाठबीठ काही नाही, गोळ्यांनी बरं वाटेल, असा रिपोर्ट आला होता.

शिवकुमारनं मोठ्यांदा नाक शिंकरलं.

वैजयंती आत गेल्या. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. त्या ती इवलीशी बाटली घेऊन आल्या आणि सासूजवळ जमिनीवर बसल्या. माहेरी न्यायच्या सामानात त्यांनी ती ठेवली होती.

"आत्या, तुमच्या डोक्यात एवढी भीती, आणि तिथं तुम्ही माझ्यासाठी जॅम उचलत होता?"

"तुला आंबटगोड पायजे हुतं नव्हं?" बजाबाई म्हणाल्या. "उद्या माज्या हातानं तुजी ओटी भरायची हुती गं. त्याच्या आदी तुला रडवायचं न्हवतं."

वैजयंती रडल्याच, पण हे रडणं वेगळं होतं, आणि ते थांबवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "उठा. सराफकट्ट्यावर जा आणि आत्यांच्या मापाची जोडवी आणा. उद्या ओटी भरायच्या आधी मी घालणार आहे त्यांच्या पायात."

शिवराजनं चप्पल पायात सरकवली आणि कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

कोंडीबा मात्र अजून विचारात होते. "म्हंजी सायेब," त्यांनी हिरेमठांना विचारलं, "त्ये जेवान फुकट हुतं? आन् मी भावकीत सांगून बसलो, म्हमईला सस्ताई हाय म्हनून."