दापर

सीगलनं रूफसच्या हातातली हेरिंग पळवली, आणि आमची ओळख झाली.

हॉलंडमधल्या फ्लिसिंगनच्या धक्क्यावर आईची मासळीची गाडी आहे. ऑक्टोबरचा बारीक, बोचरा पाऊस चालू होता. एक उंच इंग्रज लांब निळा कोट घालून उभा होता. बोटांत मासा नाही, कोटाच्या कॉलरवर कांद्याचे तुकडे, आणि चेहरा असा की घरातलंच कोणीतरी गेलंय.

"आता काय करायचं?" त्यानं चक्क डचमध्ये विचारलं.

"दुसरी घ्या. आणि या वेळी समुद्राकडे पाठ करा. ते वरून बघत असतात."

त्यानं पाठ केली, मान मागे टाकली आणि शेपटीला धरून कच्ची हेरिंग तोंडात सोडली. डोळ्यांत पाणी आलं, पण पठ्ठ्यानं थुंकली नाही.

"दापर!" मी म्हणाले. आमच्याकडे दापर म्हणजे शूर.

त्यानं लगेच कॉलर नीट केली, कांदा झटकला आणि किंचित वाकला. "आभारी आहे. कोट आजोबांचा आहे."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं, की इंग्रजीतही हा शब्द आहे. डॅपर. म्हणजे रुबाबदार, टापटिपीचा. शेकडो वर्षांपूर्वी आमच्याकडूनच तिकडे गेलेला.

"वा! आमचा शूर माणूस नेलात आणि त्याचा नटवा करून ठेवलात?"

"समुद्र ओलांडताना धीर गळाला असेल बिचाऱ्याचा… कपडे तेवढे राहिले."

मी हसले. मला गिऱ्हाईकांसमोर हसायची सवय नाही, हे आई सांगेल.

रूफस पेल नॉरिचचा. आमच्याकडची पोरांची गाणी, जिभेला गाठ मारणारी वाक्यं, असलं काहीबाही इंग्रजीत न्यायचा आणि त्यावर पोट भरायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग येतच राहिला.

"हातमोज्याला तुम्ही हाताचा बूट म्हणता, मारित! हाताचा बूट! आणि कासवाला ढालीचा बेडूक!"

"मग? दिसतं तसंच ना? तुमच्याकडे काय म्हणतात, सर कासव?"

"तुझ्या देशातल्या सगळ्या वस्तूंची नावं एखाद्या घाईत असलेल्या बाईनं ठेवलीत."

"तीच बाई आत्ता कांदा चिरतेय. हात आवर, तो डबा आईचा आहे."

डब्यात आईच्या गोड गोळ्या असत. आमच्या भाषेत गुपचूप गोडधोड खाण्याला स्नूपन म्हणतात. हाच शब्द इंग्रजीत जाऊन ‘स्नूप’ झाल्यावर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू लागला, हेही रूफसनंच सांगितलं. आई मासा साफ करता करता म्हणाली, "माझ्या गोळ्या खातो आणि माझ्या पोरीकडे बघतो. दोन्ही अर्थ झाले." तो कानापर्यंत लाल झाला. मी सुरीला धार लावत राहिले… बराच वेळ.

इंग्रजी आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. मलाही येतं, पण भाव सांगण्यापुरतं आणि रस्ता दाखवण्यापुरतं. चेष्टा करता येत नाही. म्हणून तो हट्टानं डचच बोलायचा. "इंग्रजीत तू फार सभ्य असतेस. ती मुलगी मला नको," असं म्हणायचा.

हिवाळ्यात तो स्वतःच शब्द पाडायला लागला. दीपगृहाला म्हणाला, समुद्राची मेणबत्ती. चमच्याला सूपाची होडी. मला प्रत्येक शब्द आवडायचा. मी टाळ्या वाजवायचे, आणि संध्याकाळी ते सगळे शब्द आईला ऐकवायचे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही बंधाऱ्यावर वारा खायला गेलो. सर आली. त्यानं माझ्या हातातल्या छत्रीकडे बोट केलं आणि थांबला.

"ते दे… ते… पावसाचं छप्पर."

"पावसाचं छप्पर! हे तर झकासच आहे!"

तो हसला नाही. पाऊस त्याच्या कॉलरमधून आत जात होता आणि त्याचं लक्षच नव्हतं.

"मारित, मी खेळत नाहीये. मला शब्द सापडत नाहीये."

"…कधीपासून?"

"समुद्राच्या मेणबत्तीपासून."

मी छत्री उघडलीच नाही. दोघंही भिजत घरी आलो.

डोक्यात गाठ होती, बोलण्याच्या जागेला खेटून. रॉटरडॅमच्या सर्जनबाई सरळ बोलणाऱ्या निघाल्या. शस्त्रक्रियेत रूफसला जागं ठेवणार, चित्रं दाखवणार. तो नावं सांगत जाईल, आणि जिथे अडखळेल तिथे त्या थांबतील. पण त्याच्या दोन भाषा दोन वेगळ्या जागी होत्या, आणि गाठ डचच्या जागेत घुसली होती.

"डच वाचवायची असेल तर गाठीचा तुकडा आत ठेवावा लागेल, आणि तो पुन्हा वाढेल. पूर्ण काढली तर डच जाईल. बहुधा सगळीच. इंग्रजी राहील असं वाटतं, वचन देत नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"तुकडा राहू दे," रूफस म्हणाला. इतक्या सहज, जणू कोणी चहात साखर विचारली होती.

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तेच तर म्हणतायत त्या."

"रूफस, आत्ता नाही हं! तुकडा ठेवून किती जगशील?"

"थोडं. पण तुझ्याबरोबर."

"आणि डच गेली तर मी कुठे जाणार आहे? हॉलंड बुडणार आहे का?"

"तुला इंग्रजीत माझी चेष्टा करता येत नाही."

"शिकेन."

"तू मला आवडतेस ती डचमध्ये, मारित."

"आणि तू मला आवडतोस तो जिवंत!"

जिन्यावरून उतरणाऱ्या दोन नर्स थबकल्या. 

"आवडतोस? हे याआधी कधी म्हणाली नाहीस."

"आता म्हणतेय ना. लक्षात ठेव…" मला मेली असल्या बोलण्याची सवय नाही. "किंवा नको ठेवूस. विसर खुशाल. पण आत जा आणि सांग, सगळी काढा."

 तो आत गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे त्याचं ‘सगळी काढा’ मला ऐकू आलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी स्ट्रेचरवर झोपवून नेताना त्यानं माझं बोट धरलं. "तुझ्या भाषेतलं शेवटचं काय बोलू?"

"काही नको. नाटकं पुरे."

त्यानं जरा विचार केला. "ढालीचा बेडूक," तो म्हणाला. आम्ही दोघं हसलो, आणि दार बंद झाल्यावर मी तिथेच फरशीवर बसले.

गाठ सगळी निघाली.

दोन दिवसांनी मला आत सोडलं. डोक्याला पट्टी, ओठाची उजवी कड खाली ओघळलेली. मी डचमध्येच विचारलं, "दुखतंय का रे?"

तो नम्रपणे हसला. हे हसू मी ओळखते. मी भराभर बोलले की गाडीवरचे पर्यटक असंच हसतात.

मी खिशातून हातमोजा काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"ग्लव्ह," तो सावकाश म्हणाला.

"नो." मी हातमोजा हलवला. "हँड… शू."

त्याच्या ओठाची डावी कड हलली. डोळे भरले. त्यानं इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं; त्यातलं मला एवढंच कळलं, की त्याला भीती वाटली होती, आणि अजून वाटतेय. मला त्याला सांगायचं होतं की तू किती शूर आहेस. इंग्रजी शब्द शाळेत शिकले होते, ऐन वेळी एक आठवेना. तोंडातून आपलाच निघाला.

"दापर," मी त्याचा हात धरून म्हणाले.

त्याच्या कपाळावर आठी पडली. तो शोधत होता, आणि तिथे काही सापडत नव्हतं, ते मला दिसत होतं. मी त्याचा हात सोडणार, तेवढ्यात तो हातच हळूहळू वर गेला. दवाखान्याच्या त्या झग्याला कॉलर नव्हतीच, गळ्याशी एक चुरगळलेली नाडी होती. त्यानं तीच नीट केली.