ताणावरची बाग

१९६३च्या जानेवारीत अमरावतीचा तारबाबू धर्मपाल याला भर कामावरून उचललं. दोन दिवसांनी फौजदार खुशालरावांना हुकूम आला: शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत त्यानं दडवलेलं बिनतारी यंत्र हुडकून आणा. चीनशी लढाई नुकतीच थांबली होती आणि जो तो हेर शोधत सुटला होता.

खुशालरावांच्या गुप्त वार्ता कचेरीचे साहेब केशवराव गेल्या जूनमध्येच मुंबईहून आले होते. त्यांच्या सात नंबरच्या खबऱ्याचा अहवाल खुशालरावांच्या खिशात होता. 'मी याच बागेतला मजूर. रविवारी, ६ तारखेला दुपारी तारबाबू इंजिनघरात शिरला. पाण्याचं इंजिन धडधडत होतं. त्या आवाजाआड त्यानं संदेश पाठवले.'

बागेचा राखणदार मोतीराम हा धर्मपालचाच बाप निघाला.

"पोरगा इथं कावून येते?"

"रविवारी मले भेटाले येते, साहेब. घरातली पयली सरकारी नौकरी हाये. पोरगा जेलात गेला तं आमी समदे मेलो."

पोटच्या पोरासाठी माणूस काय वाट्टेल ते बोलेल, असं मनाशी म्हणत खुशालरावांनी इंजिनघर पालथं घातलं. यंत्र नव्हतं. इंजिनाच्या धुराड्यात मात्र कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. बाहेर जमीन भेगाळलेली, पानं सुकून वळलेली.

"बाग मेली काय?"

म्हातारा एवढ्या दुःखातही हसला. "ताणावर हाये, साहेब. सवा महिना झाला, पाण्याचा थेंब नाही देला. झाड उपाशी ठेवलं तवाच आंब्या बहार फुटते. आता इंजिन चालवलं तं मालक मले जित्ता ठेवन काय?"

खुशालराव अकोल्याकडचे, कपाशीच्या मुलखातले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी अहवाल पुन्हा वाचला आणि परतताच जमादार देवरावांना गाठलं. देवराव मोर्शीचे, घरची संत्र्याची बाग.

"अक्षर तुमचं. खबऱ्या पाहिला?"

"नाही जी. साहेब एकलेच भेटते त्याले. सांगते तसं मी लिवतो."

"इंजिनाचं लिवताना हात अडखळला नाही?"

देवरावांनी मान खाली घातली. "अडखळला. पण साहेबाले कोन सांगन?"

खुशालराव तडक साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, तुमचा सात नंबर जन्मालाच आलेला नाही. बागेतल्या मजुरानं ताणाच्या दिवसांत इंजिन धडधडवलं नसतं. देवरावांनी खबर रचली असती, तर त्यांनीही नाही. ही चूक संत्र्याच्या मुलखातला पहिलाच हिवाळा पाहणाऱ्याची. खबऱ्याला भेटणारा असा माणूस कचेरीत एकच आहे."

केशवरावांनी चष्मा पुसला. "मुंबई दर आठवड्याला विचारते, किती हेर सापडले? शेजारच्या जिल्ह्यानं दोन कळवले. मी शून्य लिहू?"

"म्हणून धर्मपाल?"

"त्याला तारेची भाषा येते. शिवाय त्याच्यासाठी रदबदली करायला कुणी येणार नव्हतं."

खुशालरावांनी अहवाल टेबलावर टाकला.

"मोतीरामची जबानी मी आजच मुंबईला धाडतो. माझ्या सहीनं."

"पस्तावाल."

फेब्रुवारीत बाग पांढरीशुभ्र फुलली आणि धर्मपाल सुटून कामावर आला. पहिल्याच दिवशी त्यानं गुप्त वार्ता कचेरीसाठी दोन तारा उतरवून घेतल्या. केशवरावांना मुंबईत बढती. खुशालरावांची चांद्याला बदली, ताबडतोब.

दुसरी तार त्यानं शिपायाकडे दिली नाही. स्वतः घेऊन गेला. ती पुढे करून त्यानं डोळे पुसले.

"साहेब, माह्याच हातानं लिवा लागली."

खुशालरावांनी तार वाचून नीट घडी घातली.

"रडतं कायले, बाबू? या कचेरीत आलेली ही पयली खरी खबर हाये."