दोन बोटं कापड

पिशवीचा बंद तुटला, डबा उघडला आणि सहा उकडलेली अंडी गांधी बझारच्या फुटपाथवर घरंगळली... तीही भर सकाळी, फुलवाल्या बायकांच्या टोपल्यांसमोर! बायकांनी घाईघाईनं पदर सावरले, एकीनं तर देवाचं नाव घेतलं. पाच अंडी तिथंच विसावली. सहावं मात्र दोन पायऱ्या उतरून 'रत्ना लेडीज टेलर्स'मध्ये शिरलं आणि मशीनवर बसलेल्या गिरीधरच्या पायाशी येऊन थांबलं.

गिरीधरनं ते उचललं आणि मान वर केली. दारात एक उंच, सावळी मुलगी उभी होती. अंगात ट्रॅक पँट, हातात तुटका बंद, आणि रडावं की हसावं ते चेहऱ्याला अजून ठरवता येत नव्हतं.

"माझं आहे ते," ती म्हणाली. बाजार कानडी, पण आत त्याची रत्नाआत्या मराठीत कुणावर तरी ओरडत होती, म्हणून तीही मराठीतच बोलली.

"हो का? मला वाटलं कोंबडीचं असेल."

बोलून गेल्यावर गिरीधरचे कान गरम झाले. तीस वर्षांचा होईपर्यंत या माणसानं अनोळखी मुलीशी 'बाही किती ठेवायची' याच्यापलीकडे चकार शब्द काढला नव्हता. आज जीभ कुठून सैल सुटली, देव जाणे. पण ती हसली. अगदी मोकळी, मान मागं टाकून.

बंद शिवून होईस्तोवर सगळी हकीकत कळली. नाव पवित्रा. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला. पहाटे पाचला व्यायामशाळा, तिथून कंपनीची बस. एप्रिलमध्ये जयनगरला बायकांची राज्य फिटनेस स्पर्धा होती. पहिली येणारी एकटीच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. गेल्या वर्षी पवित्रा तिसरी आली होती.

"आणि का, सांगू? स्टेजवर घालायचा सूट मैत्रिणीचा मागून आणलेला. पाठीमागून सरकत होता. पोझ देऊ की तो सांभाळू? सगळं लक्ष तिकडंच..." तिनं मशीनशेजारच्या ब्लाउजांच्या ढिगाकडे पाहिलं. "तयार मिळतात ते पोहायचे, झालरीवाले. तुम्ही तसलं काही शिवता का हो?"

गिरीधरच्या घरात तीन पिढ्या ब्लाउज शिवत आल्या होत्या. ताणलं की वाढणारं कापड त्यानं आजवर हातातही धरलं नव्हतं.

"शिवतो की," तो म्हणाला.

त्यानं आधी शिकून घेतलं, बिचाऱ्यानं. ते चमकदार कापड मशीनवर टाके खायचं, लाटेसारखं वाकडं व्हायचं. शेवटी कापडाखाली वर्तमानपत्र घालून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा, ही युक्ती त्याला सापडली. आठवडाभर दुकानात कागदाचे कपटे उडत होते. आत्या झाडून झाडून वैतागली.

रंग निवडायला पवित्रा तीनदा आली. गिरीधरनं चिकपेठेतून तीन तुकडे आणले होते: मरून, बाटलीहिरवा आणि मोरपंखी. मांडववाल्याकडून एक मोठा पिवळा दिवाही आणला, कारण स्टेजवरच्या उजेडात रंग फसवतात.

"मरून घ्यायचा का? आमच्या कोचना मरून पाहिजे."

"हात पुढं करा." त्यानं तुकडा तिच्या दंडावर टाकला... बोट लागणार नाही याची काळजी घेत. "बघा, मरून तुमच्या रंगात बुडून जातो. कापड कुठं संपलं आणि तुम्ही कुठं सुरू झालात, ते लांबून कळणारच नाही. आता हा मोरपंखी बघा. यात तुमचा रंग कसा उठून दिसतो!"

पवित्रा दिव्याच्या उजेडात आपल्याच दंडाकडे बघत राहिली.

"माझा रंग उठून दिसतो म्हणणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे हळद सुचवतात."

"हळदीचा डाग जात नाही. कापडावर चालणार नाही."

"गिरीअण्णा, तुम्ही नेहमी कापडाचंच बोलता?"

"अण्णा म्हणू नका हो..."

"मग काय म्हणू?"

गिरीधर तुकड्यांच्या घड्या घालू लागला. पण त्या दिवसापासून अण्णा गेला तो गेलाच.

मापं घ्यायची या दुकानाची रीत जुनी होती. पुरुषानं गिऱ्हाइकाला टेप लावायचा नाही. पडद्याआड आत्या मापं घेई आणि आजोबांच्या काळापासूनच्या सवयीनं कानडीत आकडे ओरडे. बाहेर गिरीधर वहीत लिहून घेई.

"कंबर... इप्पत्तारू!" आत्या आतून ओरडली. गिरीधरनं सव्वीस लिहिलं.

"आक्का, स्वल्प हळू सांगा ना. रस्त्यावर ऐकू जातंय," पवित्राचा दबलेला आवाज.

"जाऊ दे की. कमावलेली कंबर आहे, पोरी, चोरलेली नाही."

गिरीधर बाहेर एकटाच हसला. दर पंधरा दिवसांनी माप बदलायचं. खांदे वाढायचे, कंबर उतरायची. ती उपाशी राहते, मीठ सोडते, पहाटेच्या थंडीत पळते, हे त्याला त्या आकड्यांवरून कळत होतं. एवढ्या जवळून त्यानं कुणाचंच काही वाचलं नव्हतं. अमुक दिवशी पवित्रा येणार म्हटलं की तो सकाळपासून दाराकडे बघायचा, आणि आत्या त्याच्याकडे बघायची.

पांढऱ्या बनियनच्या कापडाचा कच्चा सूट आधी तयार झाला. तो घालून बघितल्यावर पवित्रा बाहेर आली आणि कागदाच्या नमुन्यावर बोट ठेवून तिनं सांगितलं, "पायाचा कट इथं पाहिजे. कमरेच्या हाडाच्या वर. मांडीची रेघ इथून सुरू होते. तीन वर्षं पहाटे उठून कमावलीय ती. झाकली, तर परीक्षकांना दिसणार काय?"

"सरी, ठीक आहे. इथंच ठेवतो." त्यानं खडूनं खूण केली आणि कच्चा सूटही त्या रेघेवर कापून घेतला.

"नक्की?"

"शिंप्याचा शब्द आहे."

स्पर्धेला आठ दिवस राहिले तेव्हा बाजाराच्या भिंतीवर पोस्टर लागलं. गिरीधर कॉफी प्यायला बाहेर पडला होता. शेजारचा भांड्यांचा दुकानदार व्यंकोजी पोस्टरपुढं उभा राहून एका मित्राला म्हणत होता, "तिकीट काढून ठेव. लाजलज्जा सोडलेल्या बायका बघायला मिळतात कुठं एवढ्या?" दोघं खिदळले. मग व्यंकोजीनं पोस्टरवरच्या बाईच्या कमरेवरून बोट फिरवलं.

गिरीधरच्या डोक्यात तिडीक गेली. पण तो बोलला काय? एक शब्द नाही. पंधरा वर्षांचा शेजार, रोजचं तोंड बघणं... तो कॉफी अर्धी टाकून दुकानात परतला. मोरपंखी कापड टेबलावर पसरलेलं होतं. त्यानं नमुना वर ठेवला, खडू उचलला आणि पायाचा कट दोन बोटं खाली आखला.

दोन बोटांनी काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. उलट नीट बसेल, सरकणार नाही, तिचंच मन शांत राहील. मनातल्या मनात तो बरंच काही बोलला, आणि तोवर कात्री चालूनही गेली. गिऱ्हाइकानं सांगितलेली खूण त्यानं आजवर कधी हलवली नव्हती. आणि हलवली ती नेमकी हिची!

सूट द्यायला तो स्पर्धेच्या दिवशीच गेला. काम फार होतं, असं त्यानं निरोपात सांगितलं होतं. खरं म्हणजे तिनं तो आधी घालून बघू नये, असं त्याला वाटत होतं.

स्पर्धा जयनगरच्या एका कल्याणमंटपात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाचे झेंडूचे हार खांबांवर तसेच होते. विंगेत तेलाचा आणि कापराचा वास मिसळला होता. पवित्रा अंगावर शाल ओढून बाहेर आली आणि तिनं गिरीधरला पडद्याच्या आडोशाला ओढलं.

"रंग तर काय सुंदर दिसतोय! सगळ्याजणी विचारतायत. पण... कट स्वल्प खाली आलाय का हो?"

तिनं त्याचा हात धरला होता. तेलकट, गरम, घाबरलेला हात. अजून वीस मिनिटं होती. त्याच्या खिशात कात्री होती, सुई होती. दोन्ही बाजू वर घेऊन पक्क्या टाक्यांनी दाबायला त्याला दहा मिनिटं पुरली असती.

"उजेडात तसं वाटतं," तो म्हणाला. "सांगितलं होतंत तिथंच आहे."

"मग झालं." तिनं लगेच मान डोलावली आणि शाल टाकून ती निघून गेली.

पवित्रा दुसरी आली.

पहिलीला हार घातला गेला, टाळ्या झाल्या. पवित्रानंही टाळ्या वाजवल्या, हसतमुखानं. गिरीधर शेवटच्या रांगेत उभा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात आली. आत्या देवळात गेली होती. पवित्रानं पिशवीतून मोरपंखी सूट काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर मशीनशेजारी पडलेला तो पांढरा कच्चा सूट नीट पसरला. कमरेपाशी दोन्हीकडे मोरपंखी कापड बाहेर दिसत होतं. दोन बोटं.

"परीक्षक म्हणाल्या, मांडीची रेघ दिसलीच नाही. अर्ध्या गुणानं गेलं." तिचा आवाज शांत होता. "चूक झाली का?"

हो म्हण, असं तिचे डोळे त्याला सांगत होते. चूक झाली म्हटलं असतं, तर तिनं माफ केलं असतं. कुठल्या शिंप्याची होत नाही? पण आणखी एकदा तिच्याशी खोटं बोलणं गिरीधरला जमेना.

"नाही. मुद्दाम केलं."

"का?"

"लोक पोस्टर बघून घाणेरडं बोलत होते... तुमच्याकडे कुणी तसं बघावं, ते मला सोसेना. तुम्ही मला... फार आवडता, पवित्रा."

इतके दिवस हे वाक्य त्यानं शंभरदा मनात घोळवलं होतं. ते अशा वेळी तोंडातून निघेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पवित्रा स्टुलावर बसली. बाहेर फुलवाल्या दिवसाचा शेवटचा भाव ओरडत होत्या.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडत नव्हता असं वाटतं का तुम्हाला? रंग बघायला तीनदा कोण येतं? जिंकले की त्याच संध्याकाळी मीच बोलणार होते. आईच्या कानावर घालूनही ठेवलं होतं."

"पवित्रा, अजून—"

"लोक काय, हसतात. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. पण तुम्हाला मी विचारलं होतं. हात धरून विचारलं होतं. तेव्हा तरी खरं सांगायचं..."

"मी पुन्हा शिवून देतो. तुम्ही म्हणाल तसा. शप्पथ."

"द्याल, आणि चांगलाच शिवाल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते मनगटानं पुसलं. "पण मग प्रत्येक वेळी मी टेप घेऊन मोजायचं का? आज सूट, उद्या आणखी काही... तुमचंच घर आणि मी टेप घेऊन मागं मागं. नाही जमायचं मला."

ती उठली. दोन्ही सूट तिनं तिथंच सोडले. पायऱ्यांवर क्षणभर थांबली, तेव्हा गिरीधरला वाटलं ती वळेल. तिनं फक्त पिशवी खांद्यावर नीट केली आणि ती गर्दीत मिसळली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आत्यानं कानडी वर्तमानपत्र त्याच्यापुढं धरलं. "गिरी, ही आपली पवित्रा ना रे?"

तीच होती. पहिली आली होती, राष्ट्रीय स्पर्धेला निघाली होती. गिरीधरनं फोटो खिडकीपाशी नेला. सूट कुणी शिवला होता कोण जाणे, इलॅस्टिकला चुण्या पडल्या होत्या. डावा पट्टा उजव्याहून वर होता. त्याच्या हातून असलं काम कधी बाहेर गेलं नसतं.

पायाचा कट मात्र कमरेच्या हाडाच्या वर होता. कच्च्या हाताच्या कुणा शिंप्यानं ती सांगेल तिथं खडू ठेवला होता. एवढंच तर करायचं होतं.

"कशी दिसतेय रे?" आत्यानं विचारलं. तिला चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं.

"छान," गिरीधर म्हणाला. "फार छान दिसतेय, आत्या..." आणि त्यानं वर्तमानपत्राची घडी घालून ते शर्टाच्या खिशात ठेवलं.