बाजूची सीट

नखांना लावायचं पॉलिश घ्यायला शार्दूल रामआळीतल्या बांगड्यांच्या दुकानात शिरला, तेव्हा आतल्या बायका त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. तो काही लाजला नाही. गेलं वर्षभर तो इथूनच पॉलिश नेत होता. एक बाटली पांढरी, एक लाल.

"आज एकच?" दुकानाच्या सावित्रीकाकू म्हणाल्या. "लाल नको?"

"लाल लावणारा नाही ना आता," असं म्हणून तो उरलेले पैसे न घेताच बाहेर पडला. काकूंना वाटलं, गडबडीत असेल. पण गडबड नसली तरी शार्दूल असाच. एकदा हा गृहस्थ स्कूटरवरून बाजारात आला, रिक्षाने घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर चोरीला गेली म्हणून पोलीस स्टेशनला निघाला. बायकोने, ऋजुताने, फाटकात अडवला म्हणून अब्रू वाचली.

आणि अशा माणसाला हौस कसली, तर गाडी जोडायची! मुंबईच्या एका शौकिनाची बंद पडलेली स्पोर्ट्स कार त्याने टेम्पोत घालून शिरगावला आणली होती. दोनच सीटा, बसायचं तर जवळजवळ जमिनीवर झोपायचं. घरामागे आंब्याच्या पेट्या भरायची शेड होती, तिथे पेंढ्याच्या वासात ती गाडी विसावली. तंत्रनिकेतनात मुलांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवणाऱ्या शार्दूलने स्वतःच्या हाताने इंजिन उघडलं ते इथेच.

सुपरचार्जरचं खूळ मात्र सर्वेशचं. सर्वेश दाभोळचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, तोंडाची टकळी कधी थांबायची नाही आणि अंगाला कायम डिझेलचा वास. "इंजिन बापडा आपल्या दमान श्वास घेतोय," तो म्हणाला होता. "त्याला लोहाराचा भाता लावू. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरल, हवा कोंबून कोंबून आत घालील. मग बघ, कसा पळतो!" त्यानंतर दर रविवारी तो यायचा, आणि दोघं संध्याकाळपर्यंत काळ्या हातांनी भांडत, हसत बसायचे.

शार्दूलच्या विसराळूपणावर तोडगा सर्वेशनेच काढला. शार्दूलने बोल्ट आवळला की त्यावर पांढरी रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या धातूवर. बोल्ट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. मग सर्वेश पाना लावून बघणार, आणि पटलं तर शेजारी लाल रेघ. कुंचला उचलताना त्याच्या रेघेला शेवटी बारीकशी आकडी यायची. नाही पटलं, तर एरवी बडबड्या असलेला हा माणूस एक शब्द बोलायचा नाही. पाना त्या जागेवर ठेवून द्यायचा, की समजायचं. लाल बाटली कायम त्याच्या शर्टाच्या खिशात.

"तुझ्या एकट्याच्या रेघेवर मी माझी कोंबडी पण ह्या गाडीत बसवायचा नाय," तो म्हणायचा. "आणि तू मनूला बसवणार!"

कारण पहिली फेरी मनूला कबूल केलेली होती. मनू म्हणजे मनस्विनी, शार्दूलची सात वर्षांची लेक. शेडच्या दारात पाय हलवत बसून ती रोज विचारायची, "झाली?"

गणपती झाले आणि दाभोळच्या खाडीच्या तोंडावर एक होडी उलटली. बाकीचे पोहून आले. बंद पडलेलं इंजिन बघायला म्हणून चढलेला सर्वेश आला नाही. फार शोधलं, अंगही मिळालं नाही. शेवटी घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं केलं, आणि दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड मांडले.

कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. माडांवर ओळीने बसले होते, पण पिंडाकडे ढुंकून बघत नव्हते. बाप पुढे झाला, म्हणाला, तुझ्या पोरांना मी बघीन. बायको शकू रडत रडत काय काय बोलली. ऊन चढत गेलं. मग कोणीतरी शार्दूलला पुढे ढकललं. डोळ्यांपुढे धड काही दिसत नव्हतं. तो काहीतरी बोलला... आणि त्याच क्षणी एक कावळा आला. माडांवरचा नव्हे. पाण्याच्या बाजूने आला, सरळ पिंडावर उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आपण नेमकं काय बोललो, ते शार्दूलला घरी येईपर्यंत आठवेनासं झालं. गाडी पुरी करीन, असंच काहीसं. दुसरं काय बोलणार?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याने ही पांढरी बाटली आणली. दुपारी भाता धरून ठेवणारी लोखंडी कमान इंजिनावर बसवली, पहिला बोल्ट आवळला, पांढरी रेघ ओढली आणि चहाला घरात गेला. परत येऊन बघतो, तर पांढऱ्या रेघेशेजारी लाल रेघ.

शेवटी बारीकशी आकडी.

त्याने बोट लावलं. बोटाला लाल लागलं.

"तूच ओढलीस आणि विसरलास," ऋजुता म्हणाली.

"लाल बाटली कुठेय आपल्या घरात?"

"कुठेतरी असेल. तुला आपली स्कूटर तरी आठवते का?"

खरं सांगायचं तर त्याचं त्यालाच कळेना. रात्री झोपताना तो स्वतःच्या बोटांना पॉलिशचा वास येतो का, ते बघायचा. शेडला कुलूप लावून किल्ली ऋजुताकडे देऊन झाली. तरी आदल्या दिवशी आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर सकाळी लाल रेघ. मग त्याने मुद्दाम एक बोल्ट सैल ठेवला, वर पांढरी रेघ ओढून ठेवली. सकाळी तेवढ्या एकाच बोल्टवर लाल नव्हतं. शेजारी पाना ठेवलेला होता.

शार्दूल आंब्याच्या रिकाम्या पेटीवर बसला आणि पोटभर रडला. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. सर्व्या आहे, एवढंच वाटलं. आता मनूला बिनघोर बसवता येईल.

त्यानंतर काम झपाट्याने झालं. पट्टा चढला, नळ्या जुळल्या, इंजिन सुरू झालं, आणि भात्याची बारीक शीळ शेडच्या पत्र्याखाली घुमली. मनू टाळ्या वाजवत नाचली. रविवारी संध्याकाळी फेरी ठरली.

फक्त एक गोष्ट अडली. बाजूच्या सीटच्या चार बोल्टांवर लाल रेघ येईना. बोल्ट तर घट्ट होते. शार्दूलने ते उघडले, खालच्या चकत्या बदलल्या, पुन्हा आवळले. सकाळी पाना सीटच्या बरोबर मधोमध. पुन्हा उघडले, पुन्हा आवळले... पुन्हा पाना. काय चुकतंय? सबंध गाडीत एवढीच एक सीट त्याला का पटेना? शार्दूलचं डोकं चालेनासं झालं.

रविवारी दुपारी त्याने शकूला फोन केला. गाडी झाली हे तिला सांगायलाच हवं होतं.

"वहिनी, एक विचारू? त्या दिवशी खाडीवर... मी काय बोललो होतो?"

"तुमाला आठवत नाय, भावजी?" शकू पलीकडे जरा हसली असावी. "मी बाजूलाच होते ना. तुमी बोललात, गाडी पुरी करीन. पहिल्या फेरीला बाजूची सीट तुझी. ये आणि बस. असा बोललात, आणि लगेच कावळा आला."

शार्दूलच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण त्या काट्यात आनंदही होता. अस्सं! म्हणून ती सीट अडवून धरलीय लेकाने!

"मला बाई तेवा धाकधूक वाटली," शकू पुढे म्हणाली. "आमच्यात नाव घेऊन बोलवतात. तुमी नाव घेतलात नाय. पण त्यांना कळला असल, तुमचाच आवाज तो."

"कळलंच असणार," शार्दूल म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं.

मनूला समजावणं मात्र सोपं नव्हतं. ती नवा फ्रॉक घालून सीटवर जाऊन बसलेलीसुद्धा होती. त्याने तिला उचलून खाली ठेवलं.

"पहिली नाही राणी, दुसरी तुझी. आत्ता गेलो आणि आलो."

"तू प्रॉमिस केलं होतंस!"

"केलं होतं गं. पण आणखी एकालाही केलं होतं. ते मी विसरलो."

ती भोकाड पसरून मागच्या पायरीवर जाऊन बसली. शब्द कोणाचाही मोडा, मोडतो तो मोडतोच. पण गेलेल्याला फसवणं त्याला जमेना. त्याने बाजूचा दरवाजा उघडला, क्षणभर थांबला, मग हलकेच लावून घेतला आणि स्वतः स्टिअरिंगमागे येऊन बसला.

तिन्हीसांजेची वेळ होती. गावाबाहेर आरेच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. मग समोर चढ आला, शार्दूलने पाय दाबला, भात्याने शीळ घातली आणि गाडी अशी उसळली की त्याची पाठ सीटला चिकटली. तो मोठ्याने हसला. हसता हसता त्याने बाजूला बघितलं.

सीटची गादी खाली दबली होती. माणूस बसल्यावर दबते तशी.

"सर्व्या..." तो हळूच म्हणाला. "बरी पळते ना रे?"

उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊकच होतं, तरी त्याला चुकल्यासारखं झालं. सर्वेश आणि गप्प? गाडीत वास भरत चालला होता. डिझेलचा नव्हता, पॉलिशचाही नव्हता. ओहोटीला उघड्या पडलेल्या खाजणातल्या चिखलाचा. समुद्रात गेलेला माणूस, वास यायचाच, असं त्याने मनाला सांगितलं. पण गार पडत चालली होती ती त्याची डावी बाजू, फक्त डावी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. वळणावर गियर बदलायला त्याने हात खाली नेला आणि तसाच मागे घेतला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तिथे जागा नव्हती, असं वाटलं.

पुढच्या वळणावरून त्याने गाडी फिरवली. येताना पाय पुन्हा दाबला नाही, तरी भात्याची शीळ थांबली नाही.

घरी आल्यावर इंजिन बंद करून तो आधी बाहेर पडला, आणि मग त्याला स्वतःचंच हसू आलं. मित्राला काय घाबरायचं? दिलेला शब्द पाळला होता. आता त्या चार बोल्टांवर लाल रेघ आलेली असणार. त्याने मोबाइलचा उजेड पाडून खिडकीतून आत बघितलं.

पांढऱ्याशेजारी रेघ होती. चारही बोल्टांवर होती. पण लाल नव्हती. काळी होती, ओली होती, आणि तिला आकडी नव्हती. त्याने हात घालून बोट लावलं. चिखल.

त्याला काहीच उमजेना. तो वळला. मनू अजून मागच्या पायरीवरच बसली होती. रडून झालं होतं. एरवी पायरीच्या मधोमध बसणारी पोर आज एका टोकाला सरकून बसली होती.

"चल मनू," तो म्हणाला. "आता तुझी फेरी."

"नको. काका नको म्हणालेत."

"कुठले काका?"

"सर्वेशकाका." तिने पायरीवरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवली. "तू गेलास तेव्हापासून इथेच तर बसलेत. मी रडत होते ना, म्हणून."

शार्दूल जागच्या जागी उभा राहिला. मनूने अंगठा पुढे केला. नखावर लाल रेघ होती, शेवटी बारीकशी आकडी.

"ते तुझ्यावर खूप चिडलेत," ती म्हणाली. "म्हणाले, एवढ्या वेळा पाना ठेवला, तुझ्या बाबाला कळतच नाही. म्हणाले, ती सीट मी कधी मागितलीच नव्हती."

"मग... मग माझ्याबरोबर..."

"ते नाही सांगितलं. मला म्हणाले, तू तिथे बसू नकोस. तिथे बसलंय कोणीतरी."

माडांवर ओळीने बसलेले ते कावळे शार्दूलला आठवले. आणि पाण्याच्या बाजूने आलेला तो एक. आयुष्यात कधी नव्हे ते त्याला आपलं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. बाजूची सीट तुझी. ये आणि बस. त्यात नाव कुठेच नव्हतं.

"दिवा लावलाय गं, आत या दोघं," घरातून ऋजुताची हाक आली.

त्याने मनूला उचलून छातीशी धरलं आणि मागे वळून बघितलं. गाडी अंगणात गप्प उभी होती, दोन्ही दरवाजे बंद. मोबाइलचा उजेड उघड्या खिडकीतून बाजूच्या सीटवर पडला.

गादी अजून दबलेलीच होती.