किल्लीवाल्या बाईंचा चेहरा

सन २०४१ उजाडलं तेव्हा ‘खोली नंबर अकरा’ ही मालिका संपून छप्पन्न वर्षं झाली होती. तिच्यावरची भांडणं मात्र ऐन भरात होती.

मालिका अवघ्या तेरा भागांची. त्या काळी चित्रफिती महाग असत. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच फितीवर दुसरा चढवत, त्यामुळे एकही भाग शिल्लक राहिला नव्हता. राहिले होते ते प्रेक्षक, आता सगळे साठीसत्तरीच्या पुढचे. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, पण प्रत्येकाला वेगळं.

वाद एका चिमुकल्या पात्राचा होता. नायक सडाफटिंग आणि विसरभोळा. तो खोलीची किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवायचा आणि संध्याकाळी त्यांचं दार वाजवायचा. बाई म्हणायच्या, “किल्ली आहे. पण आधी त्या चपला बाहेर!” चार भागांत मिळून काम सहा मिनिटांचं. तरी ते वाक्य तेव्हा घरोघरी म्हटलं जायचं. पण बाईंचं नाव काय, आणि ते काम केलं कोणी? मालतीबाई म्हणणारे एका बाजूला, ताराबाई म्हणणारे दुसऱ्या. दोन्ही पक्षांच्या सभा होत, पत्रकं निघत. एका सभेत तर चहाचे कप फुटले होते.

हेमलता टिपणीस कोणत्याच पक्षात नव्हत्या. वय पंचाहत्तर, सगळा जन्म रेडिओ दुर्बिणीवर गेलेला. तरी त्या मे महिन्यात त्या कोल्हापूरला, डॉ. अन्वर इनामदारांच्या स्मृतिबेरीज प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या, कारण त्यांची थोरली बहीण वत्सला गेली छप्पन्न वर्षं म्हणत होती की ते काम तिने केलं.

म्हणत होती म्हणजे एकदाच म्हणाली होती. चित्रीकरण झालं आणि महिन्याभरात तिचं लग्न लागून ती सिरोंच्याला गेली. तिथे तेव्हा दूरदर्शन दिसत नव्हतं. इकडे गिरगावात शेजारच्या सामंतांच्या घरी सगळी चाळ दाटीवाटीने बसून मालिका बघत होती. एकोणीस वर्षांच्या हेमलताने पहिला भाग पाहिला आणि बहिणीला पत्र लिहिलं: “ताई, ती तू नव्हेसच. दुसरीच बाई आहे, नाकेली, मोठ्या कुंकवाची. थापा कशाला मारायच्या?” त्यावर वत्सलाचं उत्तर आलं नाही. तिने पुढे कधी नाटकात पाऊल टाकलं नाही आणि हा विषयही काढला नाही.

आता ती ब्याऐंशीची होती. प्रेक्षकांच्या आठवणींतून मालिका पुन्हा उभी राहणार आहे, हे कळल्यावर तिने फोन केला होता. “हेमे, नावबिव नको मला. मी तेव्हा त्या चित्रीकरणाच्या यंत्रासमोर उभी राहिले होते की मला वेड लागलं होतं, एवढं सांग.”

“तुम्ही चार हजार माणसं घेतलीत?” हेमलताबाईंनी इनामदारांना विचारलं.

“चार हजार दोनशे. मालिकेची सुरुवातीची धून ऐकवायची. डोक्यावर ही शिरोजाळी. मेंदू आठवताना जे चित्र रंगवतो ते आम्ही टिपतो. एकेकाचं चित्र अगदी भिकार असतं. पण सगळी एकावर एक ठेवली की...”

“आमचीच युक्ती ही!” हेमलताबाई हसल्या. “अंधूक ताऱ्याच्या हजार प्रतिमा घ्यायच्या. तारा प्रत्येकीत त्याच जागी, म्हणून बेरजेत उजळतो. गोंगाट दर वेळी वेगळा, तो आपापसांत मिटतो.”

“बरोबर. मी आकाशाऐवजी डोकी घेतो. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे, बाई. दर वेळी बाहेर काढली की मेंदू ती नव्याने रंगवून परत ठेवतो. कुठे कोरी जागा दिसली की हाताला लागेल तो रंग भरतो. पण हे भरलेले रंग ज्याचे त्याचे असतात. सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं तेवढंच बेरजेत उरतं.”

“आणि सगळ्यांनी मिळून एकच चूक केली असेल तर?”

“मग चूकही उजळेल,” इनामदार म्हणाले. “म्हणून मी तीन बेरजा केल्यात. मालतीबाईवाल्यांची वेगळी, ताराबाईवाल्यांची वेगळी, आणि तिसरी ज्यांनी या भांडणात कधी तोंड घातलं नाही त्यांची. तिन्हींत जे सारखं, तेच खरं.”

इतक्यात दोन्ही पक्षांचे पुढारी आत आले. बाबासाहेब घोरपडे निवृत्त मुख्याध्यापक, तर कुसुम शिंत्रे एके काळच्या दूरदर्शनच्या निवेदिका. दोघं एकाच रिक्षातून आले होते, कारण भाडं निम्मं पडतं.

“शिंत्रेबाई, हार मानायची तयारी आहे ना? आज मालतीबाईच निघतायत,” घोरपडे म्हणाले.

“सर, तुम्ही आयुष्यभर पोरांना चुकीची उत्तरं बरोबर म्हणून तपासलीत. आज तुमचा पेपर आहे.”

इनामदारांनी पडदा लावला. आधी आवाज. चपला घासल्याचा, दारावर टकटक, मग नायकाची हाक. पहिल्या बेरजेत तो स्पष्ट म्हणाला, “मालतीबाई!” घोरपडे खुर्चीतून उठलेच. दुसऱ्या बेरजेत तितकंच स्पष्ट, “ताराबाई!” शिंत्रेबाईंनी टाळी वाजवली. तिसऱ्या बेरजेत टकटक झाली आणि नुसता खोकल्याचा आवाज आला.

“म्हणजे?” घोरपड्यांनी विचारलं.

“म्हणजे तो हाकच मारत नव्हता. नुसता खाकरायचा. नावं तुमच्या सभांमध्ये तयार झाली, सर,” इनामदार म्हणाले.

घोरपडे परत खुर्चीत टेकले.

मग चित्र आलं. गॅलरी, भिंतीला टेकवलेली सायकल, कठड्यावर वाळत घातलेला पंचा, सगळं इतकं रेखीव की हेमलताबाईंना गलबलून आलं. दार किलकिलं झालं. फटीतून किल्ली धरलेला हात बाहेर आला, बोट न् बोट स्पष्ट. आणि हाताच्या मागे, जिथे चेहरा हवा, तिथे धुकं. तिन्ही बेरजांत धुकंच.

“यंत्र फसलं की तुमचं!” घोरपडे म्हणाले. त्यांना थोडं बरंच वाटलं असावं.

इनामदारही खजील झाले. “वीस वेळा करून पाहिलं. चेहरा काही उजळत नाही.”

हेमलताबाई मात्र पडद्याजवळ गेल्या होत्या. “यंत्र फसलेलं नाही,” त्या ठामपणे म्हणाल्या. “पंच्याची किनार दिसते आणि तिच्याच शेजारचा चेहरा दिसत नाही, असं कसं होईल? तारा अंधूक असला तरी बेरजेत थोडा तरी वर येतो. इथे काहीच येत नाही, याचा अर्थ तिथे काही नव्हतंच. चेहरा पडद्यावर कधी दाखवलाच नाही.”

“मी पाहिलाय!” शिंत्रेबाई म्हणाल्या.

“मीही पाहिलाय. डॉक्टर, सकाळी शिरोजाळी घालून टिपलात तो माझा एकटीचा स्मृतिलेख लावा.”

तो लागला. दारात चेहरा होता. नाकेली बाई, मोठं कुंकू. हेमलताबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. त्या सामंतकाकू होत्या. ज्यांच्या घरी बसून मालिका पाहिली त्याच, दारात उभं राहून पोरांना चपला बाहेर काढायला लावणाऱ्या. मेंदूने हाताशी असलेला रंग भरला होता, आणि त्या भरवशावर एकोणीस वर्षांच्या हेमलताने ताईला पत्र लिहिलं होतं.

“आवाज,” त्या म्हणाल्या. “बाईंचा आवाज तरी सगळ्यांनी एकच ऐकला असेल.”

इनामदारांनी तो लावला. “किल्ली आहे. पण आधी त्या चपला बाहेर!” घोगरा, वयस्कर आवाज, तिन्ही बेरजांत तोच. हेमलताबाईंनी सिरोंच्याला फोन लावला.

“ताई, एक वाक्य म्हण. चपलांचं.”

“आत्ता? तोंडात कवळी नाही माझ्या.”

“तशीच म्हण.”

वत्सलाबाईंनी म्हटलं. इनामदारांनी दोन्ही आवाजांच्या लहरी एकाखाली एक मांडल्या. एक सव्वीस वर्षांच्या मुलीने म्हातारी होऊन काढलेला, दुसरा खऱ्या म्हातारीचा. उच्चारांच्या खाचाखोचा एकमेकींवर चपखल बसल्या.

“पण मी तर सरळ यंत्राकडे बघून बोलले होते गं,” पलीकडून वत्सलाबाई म्हणाल्या. “दाराच्या आतच होतं ते, माझ्या तोंडासमोर.”

शिंत्रेबाई फोनकडे वाकल्या. “ताई, मी कुसुम, मी दूरदर्शन केंद्रात होते. तिथे दोन कॅमेरे असायचे. ज्याच्यावरचा तांबडा दिवा पेटलेला तोच चालू. तुमच्या समोरच्याचा पेटला होता का?”

“दिवा?” वत्सलाबाई म्हणाल्या. “दिव्याचं मला कोणी सांगितलंच नाही.”

“चालू होता तो बाहेरचा, त्या गॅलरीतला,” शिंत्रेबाई म्हणाल्या. “नवखी माणसं हमखास फसायची.”

“ताई,” हेमलताबाई म्हणाल्या, “तुला वेड लागलं नव्हतं. मला लागलं होतं.”

“बरं,” वत्सलाबाई म्हणाल्या. “छप्पन्न वर्षं लावलीस, हेमे.”

मालिका त्याच दिवाळीत पुन्हा दाखवली गेली. नामावलीत ‘शेजारीण – वत्सला टिपणीस’ असं आलं. सिरोंच्यात शाळेच्या मैदानात मोठा पडदा लावला होता. वत्सलाबाई पहिल्या रांगेत बसल्या, आपला हात पाहून म्हणाल्या, “नखं काढायला हवी होती.” पुढे त्या सहा वर्षं जगल्या.

घोरपडे आणि शिंत्रेबाईंनी पक्ष मोडले नाहीत. आता त्या बाईंना नवरा होता की नाही, यावर त्यांचं जुंपलं होतं. सभांना रिक्षा मात्र एकच. इनामदारांच्या तीन बेरजांची पद्धत न्यायालयांनी साक्षी पडताळायला स्वीकारली. एका माणसाच्या लख्ख आठवणीवर कोणाला शिक्षा द्यायची नाही, असा दंडक पडला.

हेमलताबाई वत्सला गेल्यानंतर एकदा कोल्हापूरला गेल्या आणि त्यांनी पुन्हा शिरोजाळी घातली. स्मृतिलेख पडद्यावर आला. १९८५ सालची गॅलरी, किलकिलं दार, किल्ली धरलेला हात. दारात आता सामंतकाकू नव्हत्या. सव्वीस वर्षांची वत्सला उभी होती, आणि थेट इकडे बघत होती.

“बाई, हे चुकीचं आहे,” इनामदार हळूच म्हणाले. “चेहरा कधी दाखवलाच नव्हता.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “बेरजेत धरू नका. पण पुसूही नका.”