नदी गोठल्यावर

लेक सिद्धेश्वरी डॉक्टर होऊन परत येईपर्यंत देवाचा दिवा विझू द्यायचा नाही, असा नवस ईरम्मानं सिद्धरामेश्वराला बोलला होता. इथं सोलापुरात देवघरातला नाही, अन् तिकडं लॅटव्हियात शिकणाऱ्या पोरीच्या खिडकीतलाही नाही. पितळी पणती तिनंच पोरीच्या बॅगेत घातली होती.

संक्रांत झाली. दिवेलागण उलटून गेल्यावर देवघरापुढं बसून ईरम्मानं व्हिडिओ कॉल लावला. पोरीच्या खिडकीबाहेरही अंधार उतरत होता. खाली पांढरी, गोठलेली नदी.

"अव्वा, घरमालकीण आजी कालपासून दिव्यावर रुसलीय," सिद्धेश्वरी हसली. "म्हणते, नदी गोठली की उजेड दाखवायचा नाही. आठशे वर्षांपूर्वी पांढऱ्या झग्यांवर क्रूस लावलेले घोडेस्वार या बर्फावरूनच यायचे. देवाचं नाव घेत गावं जाळायचे, बायका-पोरी बांधून न्यायचे. अंधारात दिवा दिसला की तिकडं वळायचे."

"म्हातारीला सांग, हितं सोलापूरच्या देवाचा नवस हाय. त्याच्या दिव्याला कुणाची भीती? विझवायचा न्हाय."

"सांगितलं की! तर डोळ्याला रुमाल..."

ती थांबली. फोनमधून आवाज येऊ लागला. बर्फ तडकल्यासारखा. मग एका लयीत, जड, पुष्कळ टापांचा.

"अव्वा... नदीवर कोणतरी आहे गं..."

ईरम्मानं मागं वळून देवघरातल्या दिव्याकडं पाहिलं. नवस मोडला तर पोरीवर कोप, न मोडला तर...

"विझव."

"पण नवस?"

"दोष माझ्या माथी. विझव म्हणते न्हवं!"

सिद्धेश्वरीनं पणती अन् खोलीतली लाईट दोन्ही मालवलं; फोनचा पडदा काळा झाला. टापा जवळ आल्या, खिडकीखाली आल्या, पुढं गेल्या. ओल्या घोड्यांचा अन् जळक्या गवताचा वास ईरम्माच्या नाकात शिरला. सोलापुरात, तिच्या देवघरात.

"गेले, अव्वा..." पोर कुजबुजली. "नाही... एकजण परत फिरलाय. माझ्याकडं नाही बघत. फोनकडं बघतोय. अव्वा, तुझ्या मागं दिवा..."

कॉल तुटला.

पोर वाचली, देवा. ईरम्मानं एवढंच म्हटलं, घरातली लाईट बंद केली, तळहात दिव्यावर दाबून तो विझवला आणि चटका सोसला.

दारावर थाप पडली. शेजारची शरणम्मा तिळगूळ घेऊन आली होती. "काय गं, लाईट गेली का? अन् गल्लीत घोडी कुणाची? वरात हाय व्हय कुणाची?"

ईरम्मानं तिला आत ओढून कडी लावली.

"शरणम्मा, पाया पडते तुझ्या... मागच्या दारानं घरी जा, अन् तुझ्याबी देवापुढचा दिवा झाक..."

दिवसभराच्या उन्हानं भिंती अजून कोमट होत्या. तरी बोलताना दोघींच्याही तोंडातून पांढरी वाफ निघत होती.