राहून गेलेला अर्धा फेरा

"ओ, पाइपवरून उतरा आधी! तिथे बसायचं नसतं."

"मग कुठे बसू? खुर्ची एकच, तीही तुमच्या हेल्मेटनं अडवलीय."

ती दटावणारी, तो पाइपवर बसलेला; त्यांची ओळख झाली ती अशी. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा काढून, दाबून त्याचा द्रव करायचा आणि पाइपातून लांबच्या टोकाला पाठवायचा. तिथे तो हवेत जाऊ नये म्हणून जमिनीत खोल सोडतात. किती द्रव वाहतो ते मोजणारा या टोकाचा मीटर तिच्याकडे, त्या टोकाचा त्याच्याकडे. तिचा नवा मीटर बसतोय म्हणून तो सहज बघायला आला होता. मीटर चालू करण्याआधी व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचे आणि आतलं सगळं थांबलं, की बटण दाबून मीटरला शिकवायचं — हे बघ, हे शून्य. ती शेवटच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "इतकं आवळू नका हो, रडेल बिचारा." तिला हसू फुटलं. हसता हसताच तिनं बटण दाबलं.

मग रोज सकाळी त्याचा फोन.

"तुम्ही सांगता त्यापेक्षा माझ्याकडे जास्त येतंय."

"शक्यच नाही. तुमचा मीटर थापा मारतो."

"माझा मारतो… की तुमचा लपवतो?"

"कामाचं बोला!" म्हणायची, पण फोन काही ठेवायची नाही. तो फोन खिडकीबाहेर धरून तिकडचा वारा ऐकवायचा आणि ही वेडी ऐकत बसायची. आधी फोन तो कधीच ठेवायचा नाही.

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालताना चिडवायची, "त्याचा फोन आला की आधी केस नीट करतेस. त्याला दिसतं का ते? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" ही ताईला उशी फेकून मारायची. ताईचं काही चुकत नव्हतं. पण आपण आधी म्हणायचं म्हणजे काय!

एका सकाळी त्याचा आवाज वेगळाच होता. "घरच्यांनी एक स्थळ आणलंय. हो म्हणण्याआधी विचारतो… तुमच्याकडून काही आहे का? थोडंसं तरी?"

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि बाहेर काय पडलं? "माझा मीटर बरोबर आहे हो. शून्य म्हणजे शून्य." वर हसलीसुद्धा. वाटलं, उद्या परत विचारेल.

त्यानं परत विचारलं नाही. त्या आठवड्यापासून दोघांचे आकडेही जुळायला लागले.

पुढच्या तपासणीला तिनं तेच चाक पार आवळलं आणि मीटरकडे पाहिलं, तर आकडा शून्याच्याही खाली! त्या दिवशी हसण्याच्या नादात चाकाचा अर्धा फेरा राहून गेला होता. आत थोडं वाहत होतं आणि तिनं त्यालाच शून्य ठरवलं होतं. तेव्हापासून मीटर तेवढं कमीच सांगत होता.

या वेळी फोन तिनं केला. "तुमचंच खरं होतं. माझ्याकडून जास्तच येत होतं… पहिल्या दिवसापासून. मी द्रवाचं बोलत नाहीये."

पलीकडून तोच वारा ऐकू आला. तिनंच पुढे विचारलं, "पण मग आकडे जुळले कसे?"

"तुम्ही इतक्या ठामपणे सांगत होतात… मला वाटलं, आपलंच चुकतंय. मी माझा मीटर तुमच्या आकड्यावर आणून ठेवला." मग म्हणाला, "गेल्या रविवारी लग्न ठरलं माझं."

"परत होता तिथे नेता येईल ना?" तिनं विचारलं.

"मीटर नेता येईल," तो म्हणाला. "दुपारी करतो."

आज फोन आधी त्यानं ठेवला.